घोडेस्वारीचे चामडी चॅप्स: माप घोड्यावर बसून, शिवण हातानं

मराठवाड्याच्या माळावर घोडा घातला की आधी बाभळीशी गाठ पडते, मग बोरीशी. दिवाळीनंतर कुसळं वाळली की ती पँटच्या कापडातून थेट कातडीत शिरतात आणि घरी आल्यावर एकेक उपसत बसावं लागतं. त्यात तासभर दुडकी झाली की रिकिबीचा पट्टा नडगीला चिमटे काढतो, गुडघ्याच्या आतली साल निघते. यासाठी पँटवरून चढवायचे चॅप्स असतात: कमरेला पट्टा, दोन्ही पायांना पूर्ण चामडं आणि बसायच्या जागी मोकळं. मेक्सिकोतले गुराखी त्याला ‘चापारेरास’ म्हणत. ‘चापारो’ म्हणजे काटेरी खुरटं झुडूप. पोशाखाचं नावच काट्यावरून पडलंय, आणि काट्याच्या बाबतीत आपला माळ कुणाला हार जाणारा नाही.

हातानं शिवलेले चॅप्स बिघडतात ते सहसा टाक्यांमुळे बिघडत नाहीत. माप उभ्यानं घेतलेलं असतं, नाहीतर चप्पल-पट्ट्याचं कडक चामडं पायाला वापरलेलं असतं. या दोन चुका टाळल्या तर पहिल्यांदा शिवणाऱ्याचेही चॅप्स घालण्याजोगे होतात. म्हणून इथे माप आणि चामडं यांवर जास्त जागा खर्च केली आहे.

खाली सांगितलाय तो पूर्ण लांबीचा, बाहेरच्या बाजूला चेन असलेला प्रकार. काट्याकुट्यातून हिंडणाऱ्या स्वाराला हाच उपयोगी. एप्रिल-मेच्या ४२ अंशांत तो नकोसा होतो, त्यासाठीचा आखूड प्रकार शेवटाकडे दिला आहे.

चामडं निवडताना

पायाच्या तुकड्यांना क्रोमवर (क्रोमियमच्या क्षारात) कमावलेलं मऊ चामडं घ्या, जाडी १.२ ते १.४ मिमी. १ मिमीच्या खाली गेलात तर बाभळीचा काटा आरपार जातो. १.६ च्या वर गेलात तर गुडघ्यामागे जाड मोडी पडतात आणि त्या पोटरीच्या वरच्या टोकाला रुततात. राज्यात २०१५ पासून बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे बाजारात म्हशीचं चामडं जास्त मिळतं. कामाला ते उत्तम आहे, फक्त जाडी मापूनच घ्या. म्हशीचं चामडं मुळात जाड असतं, ते फाडून पातळ केलेलं असतं आणि एकाच तुकड्यात जाडी कमी-जास्त निघते. चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी तरी मोजा. आणि बिल घ्या.

कमरेच्या पट्ट्याला मात्र सालीत कमावलेलं चामडं हवं, ३ मिमीचं. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांत कमावलेलं चामडं ताणत नाही आणि पट्ट्याची भोकं लांबोडी होत नाहीत. हेच चामडं पायाला वापरलं तर घामानं भिजून आणि उन्हात वाळून दोन-तीन महिन्यांत पापडासारखं कडक होतं. दुकानदार काहीही सांगो, ओळखायची एक सोपी रीत आहे. करंगळीएवढी पट्टी उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडा. सालीत कमावलेली आखडून वळते, क्रोमची जवळपास तशीच राहते. कापलेल्या कडेला निळसर राखाडी छटा दिसली तरी क्रोम समजायला हरकत नाही.

आणखी दोन परीक्षा दुकानातच करून घ्या. चामड्याची घडी घालून बोटांनी दाबा आणि उघडा. वरच्या रंगाला बारीक भेगा पडल्या तर ते गुडघ्यावर टिकणार नाही. मग पांढरं ओलं फडकं वीस वेळा जोर देऊन घासा. फडक्यावर रंग आला तर तोच रंग पुढे घोड्याच्या घामाबरोबर जिनावर, पँटवर आणि पांढऱ्या घोड्याच्या अंगावर उतरणार.

किती घ्यायचं? मध्यम बांध्याच्या माणसाचा एका पायाचा तुकडा ३८.५ × २३.५ इंचांच्या चौकटीत बसतो. म्हणजे सव्वासहा चौरस फूट, दोन्ही मिळून साडेबारा. कंबरपट्टी आणि चेनमागची पट्टी धरून पंधराच्या आसपास. तरी २० चौरस फूट घ्या, कारण पोटाकडचा भाग वापरता येत नाही आणि जुन्या जखमांचे व्रण, गोचिडांचे डाग चुकवावे लागतात. दोन तुकडे पाठीच्या रेषेत एकापुढे एक बसायचे तर त्या रेषेवर साडेसहा फूट लांबी मिळायला हवी. तेवढी नसेल तर एकाच जनावराच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन बाजू घ्या. वेगवेगळ्या चामड्यांचे दोन पाय पहिल्या महिन्यात सारखे दिसतात, पुढे एक ताणतो आणि दुसरा ताणत नाही.

कंबरपट्टीच्या आतल्या अस्तराला शेळीचं चामडं घ्या, ०.८ मिमीचं, चार चौरस फूट. उस्मानाबादी शेळी धाराशिवचीच. तिचं कातडं पातळ असूनही चिवट असतं. समोरची नाडीसुद्धा त्यातूनच निघते.

बाकीचं सामान

१० नंबरच्या दोन चेन, ३० इंची, दोन्ही बाजू पूर्ण सुट्या होणाऱ्या. जाकिटाला असतात तशा. प्लास्टिकच्या दातांची नको, काट्याच्या ओढीत दात निसटतात. सव्वा इंची पितळी बक्कल एक, तांब्याचे किंवा पितळेचे रिबिट आठ, टिचबटणं दोन. लोखंडी रिबिट कितीही स्वस्त मिळाले तरी नकोत. सालीच्या चामड्यातला तुरटपणा आणि लोखंड घामात भेटले की काळे डाग पडतात आणि ते सहजासहजी निघत नाहीत.

दोरा ०.८ मिमीचा, मेण लावलेला पॉलिस्टर, ४० मीटर. हिशोब असा: सगळ्या शिवणी मिळून सुमारे ३४० इंच भरतात आणि दोन सुयांच्या शिवणीला लांबीच्या चौपट दोरा लागतो. म्हणजे ३५ मीटर, वरचे पाच चुकांसाठी. बोथट टोकाच्या दोन सुया, रापी (चामडं कापायचं पातं), आरी (भोकं पाडायचा टोच्या), ४ मिमी अंतराच्या दात्यांचा पंच, लाकडी मोगरी, खुणांसाठी चंदेरी रिफिल, टेलरचा टेप, गुण्या, चामडं चिकटवायचं सोल्यूशन पाव लिटर. शिवताना चामडं धरायला दोन फळ्यांचा चिमटा लागतो. तो सुताराकडून करून घ्या. तो नसेल तर शिवण सरळ येत नाही, कारण एक हात कायम चामडं सावरण्यात अडकतो.

माप

स्वारानं रोजची स्वारीची पँट आणि बूट घालावेत. जीन घोड्यावर असेल तर उत्तम. घोडा स्थिर उभा राहत नसेल तर सुताराच्या घोडीवर जीन टाका, रिकिबी बांधा आणि त्यावर बसवा. खुर्चीवर बसवून घेतलेलं माप कामाचं नाही, तिथे मांड्या फाकत नाहीत.

का, ते टेप लावल्यावर लगेच दिसतं. उभ्या माणसाच्या गुडघ्याला टेप गुंडाळा आणि त्याला रिकिबीत पाय घालून बसायला सांगा. वाटी पुढे येते, मागची शीर ताठ होते आणि १५ इंचांचा गुडघा १६ चा होतो. मांडीचंही तेच, जिनावर दाबली गेली की ती पसरते. उभ्या मापाची चेन पहिल्याच रपेटीत गुडघ्यापाशी उसवते ती या एका इंचापायी.

बसलेल्या स्थितीत घ्यायची मापं: मांडीचा वरचा घेर, मधला घेर, वाकलेला गुडघा, पोटरीचा सगळ्यात फुगीर भाग, आणि बुटावरून घोटा. कमरेचं माप पँटच्या वरच्या काठावर न घेता दोन इंच खाली, कमरेच्या हाडावर घ्या, चॅप्स तिथेच बसतात. उभ्यानं घ्यायची मापं दोनच: कमरेच्या त्या रेषेपासून टाचेशी जमिनीपर्यंत बाहेरून, आणि जांघेपासून जमिनीपर्यंत आतून.

पुढचे सगळे आकडे एका नमुना मापाचे आहेत: कंबर ३६, वरची मांडी २३, मधली मांडी २०, गुडघा १६, पोटरी १५, घोटा १३, बाहेरची लांबी ४०, आतली २९ इंच. तुमचे आकडे त्या जागी टाका, मिळवणी-वजाबाकी तीच ठेवा.

कागदावरचा साचा

मांडी, मधली मांडी आणि गुडघ्याला १ इंच ढिलाई, पोटरीला पाऊण, तळाला २ इंच. तळ बुटावर सैल पडायला हवा. यातून प्रत्येक ठिकाणी अर्धा इंच वजा करा, कारण बसवल्यावर चेनच्या दातांची उघडी पट्टी तेवढी जागा घेते. म्हणजे कापायची रुंदी अशी: वर २३.५, मध्ये २०.५, गुडघ्याला १६.५, पोटरीला १५.२५, तळाला १४.५.

लांबी वाढवायची आहे. गुडघा वाकला की चामडं वर ओढलं जातं, शिवाय पाच-सहा रपेटींत गुडघ्यामागे कायमच्या मोडी पडून चॅप्स आणखी आखूड होतात. ४० च्या मापाला ४१.५ धरा. नवे चॅप्स उभं राहिल्यावर टाचेशी जमिनीला टेकलेच पाहिजेत. त्यातले ३.५ इंच कंबरपट्टीचे, राहिले ३८. जोडाला अर्धा इंच मिळवून पायाचा तुकडा ३८.५ इंच उंच.

आता आकार. मोठ्या तपकिरी कागदावर मधोमध उभी रेघ मारा. ही रेघ पायाच्या आतल्या बाजूवर येणार. तिच्यावर तळापासून २७.५ इंचांवर खूण करा, ही जांघेखालची जागा. आतल्या मापापेक्षा ती दीड इंच खाली आहे. यापेक्षा वर नेलीत तर चढ-उतरताना जांघेत काचतं. डाव्या कडेला पूर्ण ३८.५ इंच उंची ठेवा आणि वरचा काठ ९.५ इंच आडवा घ्या, तिथे कंबरपट्टी जोडली जाईल. त्या टोकापासून मधल्या खुणेपर्यंत उतार जवळजवळ सरळ खाली येतो आणि शेवटच्या तीन-चार इंचांत गोल वळतो. उजवी कड, म्हणजे मांडीमागची, ३१ इंच उंच. मधल्या खुणेपासून तिथपर्यंत हलका चढ. बाकीच्या रुंद्या मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना निम्म्या-निम्म्या टाका आणि खुणा हातानं सलग जोडा. गुडघ्याशी कोन राहू देऊ नका.

संपूर्ण पाय एकाच तुकड्याचा आणि बंद बाहेरच्या बाजूला, त्यामुळे जिनाला लागणाऱ्या आतल्या भागात एकही जोड येत नाही. दोन तुकडे आतून जोडून चामडं वाचवायचं सुचेल, करू नका. गुडघ्याच्या आत टाक्यांची एक ओळ जरी आली तरी दोन तासांत फोड येतो. पकड वाढावी म्हणून आत खरखरीत चामड्याचं ठिगळ लावतात, त्याच्या कडांचंही हेच होतं. पकड हवी असेल तर अख्खा चॅप चामड्याची खरखरीत बाजू बाहेर ठेवूनच शिवा.

साचा आधी जुन्या रेक्झिनवर कापून टाचण्या-स्टेपलनं जोडून स्वाराला घालायला लावा आणि पुन्हा जिनावर बसवा. मांजरपाटही चालतं, पण ते तिरकं ताणतं आणि फसवतं. हा एक तास वाचवू नका. वीस चौरस फूट चामड्यावर चूक करण्यापेक्षा रेक्झिनवर केलेली परवडते.

कापणी

साचा चामड्याच्या मागच्या बाजूवर ठेवायचा. पायाची लांबी पाठीच्या कण्याच्या रेषेत. त्या दिशेनं चामडं कमी ताणतं. आडवा किंवा तिरका तुकडा काढलात तर चॅप पायाभोवती फिरत जातो आणि चेन हळूहळू पोटरीवर येते. शंका असेल तिथे १० सेंमीच्या दोन खुणा करून दोन्ही हातांनी ओढा. अंतर ११ सेंमीवर गेलं तर तो भाग पोटाकडचा आहे, तो टाचण-टाक्यांच्या सरावासाठी ठेवा.

एक चूक इतकी नेहमीची आहे की साच्यावरच लिहून ठेवा: एका बाजूला ‘डावा’, उलटून दुसऱ्या बाजूला ‘उजवा’. दुसरा तुकडा आखताना साचा पालथा घातला नाही तर दोन्ही पाय डावे निघतात आणि चामडं गेलं ते गेलं.

रापी लावून घ्या, कागद नुसत्या वजनानं कापला जाईल इतकी. सरळ कड एका ओढीत, वळणं तीन-चार आखूड ओढींत. चेन येणाऱ्या कडा मागून १२ मिमी रुंदीत तासून निम्म्या जाडीच्या करा, नाहीतर चेनचं कापड आणि चामडं मिळून तिथे जाड कणा तयार होतो.

चेन

चॅप्समध्ये चेन वरून खाली लागते. जोडायचा डबा मांडीपाशी आणि रनर घोट्याकडे सरकणारा. त्यामुळे पोटरीखाली हवा तेवढा भाग उघडा ठेवता येतो. चेन कंबरपट्टीच्या जोडाखाली ७.५ इंचांवर सुरू करा, तळाला अर्धा इंच मोकळा राहील.

चामड्याची कड चेनच्या दातांच्या मध्यापासून ६ मिमीवर येईल अशी रेघ चेनच्या कापडावर मारा. मग चेन बंद ठेवून कापडाच्या दोन्ही पट्ट्यांवर आणि चामड्याच्या दोन्ही कडांवर दर ४ इंचांवर जोडखुणा करा. सोल्यूशन दोन्हींना पातळ लावा आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. थंडीत बारा-पंधरा मिनिटं लागतात, एप्रिलमध्ये पाच मिनिटांत वाळून पकड जाते, म्हणून उन्हाळ्यात एका वेळी फूटभरच लावा. खोली उघडी ठेवा, जवळ शेगडी-काडी नको. आता खूण खुणेवर ठेवत, चामडं अजिबात न ओढता दाबत जा. इथे चामडं ओढलं गेलं तर ते नंतर आक्रसतं आणि चेन नागमोडी होते. शिवण झाल्यावर हे दुरुस्त होत नाही, उसवावंच लागतं.

शिवणीच्या दोन ओळी: कडेपासून ३ मिमीवर पहिली, ९ मिमीवर दुसरी. पंचाचे दाते ठोकताना शेवटचा दाता मागच्या भोकात ठेवून पुढे सरका, म्हणजे अंतर बदलत नाही. इंचाला सहा टाके पुरेत. टाके जितके दाट तितके मजबूत हा समज इथे उलटा पडतो. पातळ चामड्यात आठ-दहा भोकं आली की पोस्टाच्या तिकिटासारखं तिथूनच फाटतं.

शिवण दोन सुयांची. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवा. दोरा दोन वावांपेक्षा लांब घेऊ नका, पिळ पडतो आणि मेण निघून जातं. चिमट्यात चामडं धरून पहिल्या भोकातून दोरा निम्मा ओढून घ्या. मग प्रत्येक भोकात आधी डावी सुई पलीकडे काढा, दोरा किंचित मागे ओढून धरा, त्याच भोकातून उजवी सुई अलीकडे आणा. सोडण्याआधी डावा दोरा हलवून पाहा. हलत नसेल तर उजव्या सुईनं तो भोसकला आहे. सुई मागे घ्या, जबरदस्तीनं ओढलात तर टाका कायमचा कच्चा. हलत असेल तर दोन्ही हात एकाच वेळी, एकाच जोरानं बाहेर ओढा. चामड्यावर दोरा रुतून बसला की थांबा. चामडं चुण्या धरू लागलं तर जोर जास्त झाला. क्रम एकदाही उलटा करू नका, टाक्याचा तिरपेपणा लगेच बदलतो आणि लांबूनही दिसतो.

या शिवणीत प्रत्येक भोकात दोन दोरे असतात. एक काट्यानं तुटला तरी दुसरा धरून ठेवतो, म्हणूनच मशीनपेक्षा ही शिवण महत्त्वाची. शेवटी तीन टाके मागे घ्या, दोरा कापा आणि टोक अगरबत्तीच्या निखाऱ्यानं टेकवून वितळवा. लायटरच्या ज्योतीनं शेजारचं चामडंही करपतं. दोन्ही पायांचे मिळून दोन हजारांच्या आसपास टाके होतात, तेव्हा एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. थकलेल्या हाताचे टाके सैल पडतात.

चेनच्या मागे, पायाच्या बाजूला, दोन इंच रुंद पट्टी लावा, चेनच्या लांबीची. ती पुढच्या कडेच्या दुसऱ्या ओळीतच शिवली जाते. ती नसेल तर चेन पँटला घासते आणि दातांमधून कुसळं आत येतात. तळाला एक इंच रुंद जीभ आणि टिचबटण, म्हणजे रनर वर चढत नाही.

कंबरपट्टी आणि समोरची नाडी

डावी-उजवी अशा दोन पट्ट्या, प्रत्येकी १३.५ इंच लांब. ३६ च्या निम्मे १८, त्यातून समोर दीड इंच आणि मागे ३ इंच सोडले. रुंदी बाजूला ३.५ इंच, समोर दोन इंचांपर्यंत निमुळती. ही पट्टी सरळ कापू नका. माणसाची कंबर वर अरुंद आणि खाली रुंद असते, म्हणून पट्टीला पाऊण इंचाचा बाक द्या, पोकळ बाजू वर. सरळ पट्टीचे चॅप्स कितीही आवळले तरी दर दहा मिनिटांनी खाली घसरतात.

बाहेरून पायाचंच चामडं, पण दुहेरी चिकटवून, आतून शेळीचं अस्तर. पायाच्या तुकड्याचा वरचा अर्धा इंच या दोहोंच्या मध्ये घाला, ३ आणि १० मिमीवर दोन ओळी शिवा, जोडाच्या दोन्ही टोकांना रिबिट. जांघेच्या वळणाकडच्या टोकावर सगळ्यात जास्त ओढ येते. घोड्यावर पाय टाकताना फाटतं ते तिथूनच.

मागे ६ इंचांचं अंतर राहतं. डाव्या पट्टीला बक्कल, उजवीला सव्वा इंच रुंद आणि १० इंच लांब पट्टा, त्याला पाऊण इंचावर सात भोकं.

समोरचे दीड-दीड मिळून तीन इंच मात्र पट्ट्यानं जोडायचे नाहीत. तिथे शेळीच्या चामड्याची ३ मिमी रुंद नाडी, प्रत्येक बाजूच्या तीन भोकांतून ओवलेली. दोन्ही हातांनी जोराचा झटका दिला तर ती तुटलीच पाहिजे. तुटत नसेल तर आणखी बारीक करा. स्वार पुढे फेकला गेला आणि कंबरपट्टी जिनाच्या उंच पुढच्या टोकात अडकली तर ही नाडी तुटून तो मोकळा होतो. नायलॉनची दोरी किंवा समोर बक्कल असेल तर तो घोड्याला लटकून राहतो. एवढ्या कामात जिवाशी गाठ असलेली जागा ही एकच आहे, तिथे मजबुतीचा विचार सोडून द्या.

कडा

सालीच्या पट्ट्याच्या कडा आधी २२०, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, ओल्या बोटानं भिजवा, मधमाश्यांचं मेण लावून जाड कापडानं गरम होईपर्यंत रगडा. काचेसारख्या होतात. क्रोमच्या कडा अशा चकाकत नाहीत, कितीही रगडल्या तरी केसाळच राहतात. त्यांना कडेचा रंग लावा किंवा स्वच्छ कापून तशाच सोडा. परदेशी चित्रांत दिसतात तशा झालरी आपल्याकडे नकोत, बोरीच्या जाळीत पहिल्याच फेरीला गुंततात.

घालून पाहिल्यावर काय बिघडलेलं दिसतं

गुडघ्यावर घट्ट आणि पोटरीवर सैल असेल तर गुडघ्याचं माप उभ्यानं घेतलं गेलंय. चेन उसवून फक्त गुडघ्याच्या आठ इंचांत कड ६ मिमी बाहेर घेता येते, तासलेली जागा उरली असेल तर. जांघेत काचत असेल तर वळण अर्धा-अर्धा इंच खाली कापत जा, एकदम दोन इंच नको. एक पाय फिरत असेल तर तो तुकडा तिरका कापला गेलाय आणि त्यावर उपाय नाही, नवा कापावा लागतो. नवीन चामडं जिनावर करकरतं आणि बिथरट घोडी त्या आवाजाला कान टवकारते. मांडीच्या आत मेणाचा हलका हात फिरवा आणि घोड्याला दोन दिवस ते नुसते हुंगू द्या.

उन्हाळ्यासाठी आखूड प्रकार

तोच साचा गुडघ्याखाली चार इंचांवर तोडा, चेन काढून टाका. मांडीमागे बक्कल-पट्ट्याचे दोन बंद द्या: एक मांडीच्या वरच्या भागात, दुसरा गुडघ्याच्या तीन बोटं वर. गुडघ्यावर बंद आला तर मागची शीर दाबली जाते. याला ११-१२ चौरस फूट चामडं पुरतं आणि शिवण निम्म्याहून कमी.

निगा

घोड्याच्या घामात मीठ असतं, तो वाळला की चामडं कोरडं पडतं. उतरल्याबरोबर ओल्या, पिळलेल्या फडक्यानं आतली बाजू पुसा आणि सावलीत टांगा. पत्र्यावर, मोटारसायकलच्या टाकीवर वाळत घालू नका. सालीच्या पट्ट्याला महिन्यातून एकदा एरंडेल तेलाचे चार-पाच थेंब पुरे. शेंगदाण्याचं तेल लावाल तर ते खवट होतं आणि उंदीर त्या वासावर येतात. खरखरीत बाजूला तेल अजिबात नको, नुसता ब्रश. पावसाळ्यात वर्तमानपत्राची गुंडाळी आत घालून सुती पिशवीत टांगून ठेवा, प्लास्टिकमध्ये आठवड्यात बुरशी येते. आलीच तर अंगणात नेऊन ब्रशनं झाडा, निम्मं पाणी घातलेल्या व्हिनेगरच्या फडक्यानं पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच आत आणा. चेनवर दर पंधरा दिवसांनी मेणबत्ती घासा.

काम सुरू करायला पाऊस संपल्यानंतरचा काळ चांगला. श्रावण-भाद्रपदात हवेतल्या ओलीनं सोल्यूशन पकडत नाही. दसऱ्याला चामडं आणलं तर मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरेपर्यंत चॅप्स तयार होऊन अंगावर बसलेलेही असतात. तोवर चार-पाच रपेटी झालेल्या असतील, मोडी पडून गेलेल्या असतील. तेव्हा बूट घालून, रिकिबीत पाय ठेवून तळ पाहा. टाचेच्या वरच्या काठाखाली येतंय तेवढं ठेवा आणि जास्तीचं रापीनं कापून टाका. ही कापणी आधी कधीच करू नका.